तीस मैदानांची वही

पेल ग्रोव्ह गावात मर्ल हेगडॉर्नला कोणी विचारलं, की बाबा रे, तू नक्की कुठल्या संघाचा, तर तो म्हणायचा, "आज ज्यांचा सामना असेल त्यांचा." आयोवात हे उत्तर खपत नाही. राज्याचा स्वतःचा मोठा बेसबॉल संघ नाही, त्यामुळे घरोघर निष्ठा उसनी असते; कोणाची शिकागोची, कोणाची सेंट लुईसची, उत्तरेकडच्या लोकांची मिनेसोटाची. उसनी असली तरी ती शेताच्या बांधासारखी बापाकडून पोराकडे येते, इंचभर इकडची तिकडे होत नाही. मर्लचा बाप शिकागोचा होता आणि आई सेंट लुईसची. दोन्ही संघ रोज एकाच टेबलावर जेवायला बसत, त्यामुळे पोरानं लहानपणीच कानाला खडा लावला. त्याला बाजू नको होती. त्याला सामना हवा होता.

सामना लिहायला आईनं शिकवलं. ती इस्त्री करताना रेडिओ लावायची आणि आलेल्या पाकिटांच्या पाठीवर चौकोन आखून सगळा खेळ उतरवून काढायची. प्रत्येक बॅटरला एक चौकोन. मैदानावरच्या नऊ जणांना नऊ आकडे, चेंडू कोणी अडवला आणि कोणाकडे फेकला ते त्या आकड्यांत. बॅट फिरवून हुकला आणि बाद झाला, तर चौकोनात सरळ इंग्रजी के. बॅट खांद्यावर ठेवून चेंडू नुसता बघत राहिला आणि बाद झाला, तर उलटा के, आरशात दिसावा तसा. "हुकला त्याला मी काही म्हणत नाही," आई म्हणायची, "पण बघत राहिला त्याला माझ्या घरात जेवण नाही."

पुढे मर्ल टपाल खात्यात लागला आणि चौतीस वर्षं त्यानं एकाच रस्त्यावर टपाल वाटलं. शंभर मैल खडीचा रस्ता, चारशे बारा पेट्या. गाडी स्वतःची, चाक तिकडच्या रीतीनं डावीकडे, आणि पेटीपर्यंत हात पोचावा म्हणून बसायचं उजवीकडच्या सीटवर. डावा हात लांब करून चाक धरायचं, डावा पाय लांब करून ब्रेक दाबायचा. गावात नवीन आलेली माणसं रिकाम्या जागेनं चालवलेली गाडी बघून दचकत. वसंतात पुठ्ठ्याच्या खोक्यांतून कोंबडीची पिल्लं टपालानं यायची. मग गाडीभर चिवचिवाट, आणि त्या चिवचिवाटावर रेडिओचा आवाज चढवून मर्ल सामना ऐकायचा. त्यानं लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "उजवीकडे बसून गाडी हाकणाऱ्याच्या शेजारी कोण बसणार?"

शेजारी बसायला शेवटी दोघं मिळाली, पण त्याला साठी उलटावी लागली. ड्वेन कुबिचेक धान्याच्या कोठारांवरची यंत्रं दुरुस्त करायचा. अंगानं आडवा, आवाजानं त्याहून आडवा. रोझली ट्वेट शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती आणि अजूनही कोणी ताटात काही टाकलं की तिचा चेहरा पडायचा. तिघं एका वर्गातली. चर्चच्या तळघरात दर वर्षी पॅनकेकची न्याहारी असते, तिथे एकदा तव्यापाशी उभी असलेली रोझली म्हणाली, "जन्मभर सामने ऐकले, पण मैदानाचं गवत खरंच टीव्हीत दिसतं तेवढं हिरवं असतं का, ते मला अजून ठाऊक नाही."

"कॅन्सस सिटी चार तासांवर आहे," ड्वेन म्हणाला. "उद्या जाऊ."

"उद्या सोमवार."

"मग? सोमवारी गवत झाकून ठेवतात?"

गवत तेवढंच हिरवं निघालं. परतीच्या वाटेवर रोझली म्हणाली, अशी अजून किती आहेत? मोठ्या संघांची अजून एकोणतीस होती. तीसच्या तीस बघायची, असं तिथल्या तिथे ठरलं. दर उन्हाळ्यात दोन किंवा तीन. ड्वेनची व्हॅन, रोझलीचा डब्यांचा पेटारा आणि मर्लची वही.

वहीचा नियम ड्वेनचा. दुसऱ्या मैदानाहून, मिनियापोलिसहून, येताना तिघांत वाद झाला की शेवटचा माणूस बाद कसा झाला. तिघांची तीन उत्तरं. ड्वेननं पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: मैदान बघितलं असं केव्हा धरायचं? पहिल्या चेंडूपासून शेवटच्या बादपर्यंत सामना वहीत असेल तेव्हा. लिहिणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहायचं. खाली तिघांच्या सह्या.

सामना लिहिणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. एखादा चेंडू बघायचा राहून गेला, तर शेजाऱ्याला विचारून चौकोन भरायचा नाही; 'वॉझन्ट वॉचिंग'चे दोन डब्ल्यू लिहायचे. बघत नव्हतो, एवढाच त्यांचा अर्थ. सिनसिनाटीला ऐन वेळी एक माणूस हातात ट्रे घेऊन मर्लच्या समोर उभा राहिला आणि मर्लनं निमूटपणे दोन डब्ल्यू लिहिले. ड्वेननं पुढच्या उन्हाळ्यात दहा तास गाडी चालवून त्या दोघांना पुन्हा सिनसिनाटीला नेलं. रोझली त्या प्रवासात त्याच्याशी फक्त खाण्यापुरतं बोलली. पण पुढे तीच ही गोष्ट कौतुकानं सांगायची.

एकवीस मैदानं अशी झाली. बाविसावं बॉस्टन. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मर्लच्या लक्षात आलं, की मासिकातल्या ओळींच्या मध्ये कोणीतरी अंगठा दाबून ठेवल्यासारखा डाग आहे, आणि नजर हलवली की तोही हलतो. मेसन सिटीच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, "मधला भाग झिजतोय. कडा राहतील. ज्याच्याकडे बघाल ते जाईल, ज्याच्याकडे बघणार नाही ते थोडंफार दिसेल."

"आणि माणसांचे चेहरे?"

"कानाकडे बघायला शिका. मग चेहरा दिसेल."

घरी येऊन त्यानं गाडी विकून टाकली आणि ड्वेनला सांगितलं, गुडघा साथ देत नाही, आता सगळा वेळ तूच चालव. डोळ्यांचं मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वही संपली असती, आणि वही संपली की व्हॅन गॅरेजमध्ये गेली असती. ड्वेननं तोंडावर सांगितलं असतं, नियम म्हणजे नियम. शिवाय आणखी एक होतं, जे मर्लनं स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. त्या दोघांमध्ये बसून हातात पेन्सिल धरलेला माणूस, एवढीच त्याला आपली ओळख आवडायची.

बॉस्टनला त्यानं कानात रेडिओ घातला. "सवय," तो म्हणाला, "चौतीस वर्षं ऐकतच बघितलं." छोटा ट्रान्झिस्टर शर्टाच्या खिशात, एक तार उजव्या कानात. रेडिओवरचा बोलणारा सांगायचा आणि मर्ल लिहायचा. चेहरा मात्र थेट चेंडू टाकणाऱ्या पिचरवर, कोणाला शंका येऊ नये म्हणून. आणि थेट बघितल्यामुळे जे थोडं दिसलं असतं तेही जायचं. लोक ओरडले की क्षणभरानं बोलणारा सांगायचा, आणि त्यानंतर क्षणभरानं मर्लची पेन्सिल हलायची. नवी वही मोठ्या चौकोनांची घेतली. दुकानात जुनी मिळाली नाही, म्हणाला. अशी तीन उन्हाळ्यांत आठ मैदानं झाली. आठही पानं निर्मळ, एका चौकोनात दोन डब्ल्यू नाहीत.

मग उरलं फक्त सिएटल.

शेवटची फेरी म्हणून तिघं जुलैत विमानानं न जाता मुद्दाम रस्त्यानं निघाली; तसं ती सगळीकडे रस्त्यानंच गेली होती, पण या वेळी ड्वेननं ते मुद्दाम असल्याचं जाहीर केलं. साउथ डकोटाची सूर्यफुलं, मग वायोमिंगचा कोपरा, मग दोन दिवस मोंटाना, जी संपतच नाही. फाटे सांगायचं काम मर्लचं. ड्वेनला फोनमधली बाई चालत नसे. "सासूला आयुष्यभर ऐकलं," तो म्हणायचा, "आता ही." मर्ल मांडीवर नकाशा उघडून बसायचा आणि योग्य वेळी म्हणायचा, "पुढच्या फाट्याला उजवीकडे." नकाशाकडे तो बघायचाही, सवयीनं पानं उलटवायचाही. सगळे फाटे त्यानं निघायच्या आधी घरी भिंग लावून पाठ केले होते.

माइल्स सिटीच्या एका खानावळीत मात्र तो अडकला. मेनू फळ्यावर होता, लांब, खडूनं लिहिलेला. वाढणारी बाई पेन्सिल घेऊन उभी राहिली. "बोल राजा, काय आणू?"

"रोझली घेईल ते," मर्ल म्हणाला.

रोझलीनं कांदा घालून तळलेली कलेजी मागवली होती. मर्लनं ती सगळी खाल्ली. रोझली समोरून बघत राहिली.

"पोस्टमन म्हातारा झाला," ड्वेन म्हणाला. "शाळेच्या सहलीत यानं कलेजी माझ्या बुटात टाकली होती."

"आवड बदलते," मर्ल म्हणाला.

"सत्तरी उलटल्यावर?" रोझलीनं विचारलं. पण तेवढंच.

सामन्याच्या दिवशी सकाळी न्याहारीला ड्वेननं वही मागून घेतली आणि शेवटचं पान उघडून त्या दोघांपुढे सरकवलं. आदल्या मुक्कामात त्यानं त्यावर पट्टी लावून लिहिलं होतं. मर्लनं पानाच्या कडेकडे बघितलं, तेव्हा मोठी अक्षरं हळूहळू जागेवर आली. तीसही मैदानं आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिली. खाली तीन रेघा.

"सामना संपला की तिथेच सह्या करायच्या," ड्वेन म्हणाला. "बाकड्यावर बसून. आणि मग मी रडलो तर कोणी बोलायचं नाही."

"तू सॅन डिएगोलाही रडलास," रोझली म्हणाली.

"तो कांदा होता."

मर्ल हसला, पण त्या तीन रेघा त्याच्या डोळ्यांत नाही तरी डोक्यात उतरल्या. आजवर वहीत त्यानं जे लिहिलं ते रेडिओनं सांगितलेलं असलं तरी खोटं नव्हतं. तो चेंडू खरंच तिथे गेला होता, तो माणूस खरंच बाद झाला होता. अशीच त्यानं स्वतःची समजूत घातली होती. आता पहिल्यांदाच एका वाक्याखाली सही करायची होती.

सामना दुपारी एक दहाचा. आकाश मोकळं होतं, म्हणून छप्पर सरकवून बाजूला केलेलं. मैदानाच्या पाठीमागून आगगाडी शिट्टी देत गेली आणि लोकांनी तिलाही टाळ्या दिल्या. जागा पिचरच्या अगदी समोर, वरच्या मजल्यावर. मर्ल मध्ये, डावीकडे रोझली, उजवीकडे ड्वेन. ड्वेन फार वेळ उजवीकडे राहिला नाही. दुसऱ्या डावात तो लसूण घातलेले तळलेले बटाटे आणायला गेला, परत आला, आणि तिसऱ्यात पुन्हा मोहरीचा सॉस विसरला म्हणून गेला.

पाचव्या डावात कानातला आवाज म्हणाला, तिसरा स्ट्राइक, बाद. मर्लनं सरळ के लिहिला.

रोझलीचा हात त्याच्या मनगटावर आला. "मर्ल, तो उभा होता."

"कोण?"

"आत्ताचा. त्यानं बॅट हलवलीसुद्धा नाही. सगळे हसले त्याला. तुझा के सरळ आहे."

मर्लनं खोडरबर घेतलं, के पुसला, उलटा लिहिला. "चुकलं," तो म्हणाला.

"तू कधी के चुकत नाहीस."

पुढचा बॅटर आला. पाच-सहा चेंडू गेले. मग लोक ओरडले, आणि रोझली मैदानाकडे न बघता मर्लच्या पेन्सिलकडे बघत होती. पेन्सिल थांबली होती. एक क्षण, मग आणखी अर्धा. मग ती हलली.

"आधी लोक ओरडतात, मग तू लिहितोस," ती म्हणाली. "कलेजीपासून मी विचार करतेय. तुला फळा दिसला नाही."

मर्लनं पेन्सिल वहीवर आडवी ठेवली.

"किती दिसतं?"

"कडेचं दिसतं. तू दिसतेस, कारण मी तुझ्याकडे बघत नाहीये."

"कधीपासून?"

"बॉस्टनपासून."

रोझलीनं बोटांवर मोजलं. स्वयंपाकघरात मुलांची ताटं मोजायची तशी, अंगठा पेरांवरून फिरवत. "आठ," ती म्हणाली. मग तिनं जिन्याकडे बघितलं. ड्वेन अजून दिसत नव्हता. ती जवळ सरकली आणि भराभर बोलली. "हे बघ. ड्वेनला कळायची गरज नाही. नऊपैकी चार डाव उरलेत, मी हळूच सांगते, तू लिही. रेडिओ चुकला तर मी आहे. सही करायची, घरी जायचं. तो किती दिवस या पानाची वाट बघतोय ते तुलाही माहीत आहे."

"हो."

"मग झालं तर."

सहावा डाव तसा गेला. रोझली ओठ न हलवता सांगायची: फिरवली, उभा राहिला, शॉर्टकडे गेला, पहिल्याकडे फेकला. मर्ल लिहायचा. आजवरचं त्याचं पान एवढं बिनचूक कधी नव्हतं, आणि ते भरताना त्याला एवढं वाईटही कधी वाटलं नव्हतं. रेडिओ होता तोवर हे त्याचं एकट्याचं होतं. रेडिओ कोणाचा मित्र नसतो. आता शेजारी रोझली होती, जिनं एकतीस वर्षांत कोणाला वाढल्याचं खोटं लिहिलं नसेल, आणि ती त्याच्यासाठी शाळकरी पोरीसारखी कुजबुजत होती. थोड्या वेळानं तीही त्या रेघेवर सही करणार होती.

सातव्या डावाच्या मध्ये सगळे रिवाजाप्रमाणे पाय मोकळे करायला उभे राहिले, गायले. ड्वेन मागच्या जिन्यावरून गात गातच खाली आला. मोहरी त्याच्या शर्टावर होती.

"काय हुकलं माझं?"

"सगळं," रोझली म्हणाली.

आठव्या डावाचा पहिला बॅटर आला तेव्हा मर्लनं कानातली तार काढली, तिची गुंडाळी केली आणि ट्रान्झिस्टर बंद करून खिशात ठेवला. एकाएकी मैदान फार मोठं झालं. चाळीस हजार माणसांचा श्वास, खुर्च्यांची करकर, कुठेतरी शेंगदाण्यांचं टरफल फोडल्याचा आवाज, आणि लांब मध्यभागी लाकडाचा कोरडा ठक्क. लोक उठले, ड्वेनही ओरडत उठला. रोझली कुजबुजली, "डावीकडे उंच, झेलला, सात." मर्लनं ऐकलं आणि चौकोनात दोन डब्ल्यू लिहिले.

"मर्ल."

"तू बघ," तो म्हणाला. "इतकं सांगितलंस, आता सामना बघ."

त्यानं पुढच्या चौकोनात दोन लिहिले, त्याच्या पुढच्याही. नवव्या डावाच्या अखेरीपर्यंत पानाची उजवी बाजू त्यांनी भरून गेली. कोण जिंकलं ते त्याला लोकांच्या पायांवरून कळलं. हरलेल्या गावाची माणसं जिना हळू चढतात.

ड्वेननं शर्टाला बोटं पुसली आणि वहीसाठी हात पुढे केला. मर्लनं ती दिली.

"हे काय?" ड्वेन हसला. "पोस्टमन, शेवटच्याच सामन्यात डुलकी? आठव्यात? नवव्यात पण?" मग त्याचं हसणं थांबलं, कारण बाकीचे दोघं हसत नव्हते.

"मला दिसत नाही, ड्वेन."

"काय दिसत नाही?"

"चेंडू. पिचर. तू. ज्याच्याकडे बघतो ते जातं. हे सगळं मी रेडिओवरून लिहिलंय. आजचं, आणि मागचे तीन उन्हाळे."

ड्वेननं पानं मागे उलटली. जोरात, जणू फाटली तरी चालतील. "बॉस्टन?"

"तिथपासून."

"बॉस्टनला तू म्हणालास, मैदानाची ती उंच भिंत वाटली होती त्यापेक्षा हिरवी आहे."

"होतीच. हिरवं दिसतं मला. तिच्यासमोर कोण पळतंय ते दिसत नाही."

"आणि मोंटानातला बिलिंग्जचा फाटा? तू मला आकडा सांगितलास."

"पाठ होता."

"सगळे फाटे? आयोवा ते सिएटल?"

"मला चारशे बारा पेट्या पाठ होत्या. त्यापुढे हे काय."

ड्वेन उठला. "तीन वर्षं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीसारखा आडवा नव्हता. "तीन वर्षं मी तुला खिडकीपाशी बसवतोय. हरणं दाखवतोय. आणि तू म्हणतोस, हो, छान आहेत." त्यानं वही बाकड्यावर ठेवली आणि जिना चढून निघून गेला.

खालून झाडणारी माणसं टरफलं ढकलत वर यायला लागली. मर्ल मांडीवर हात ठेवून बसला होता.

"तो व्हॅनपर्यंत जाईल," रोझली म्हणाली, "मग त्याला आठवेल की किल्ल्या माझ्याकडे आहेत."

"तो बरोबर आहे."

"तो बरोबरच असतो. तेच तर त्याचं वाईट आहे."

अर्धा तास झाला. झाडणारे त्यांच्या रांगेपर्यंत आले, त्यांना वळसा घालून पुढे गेले. मग जिन्यावर ड्वेनचे जड पाय ऐकू आले. तो मर्लच्या उजवीकडे येऊन बसला, धापा टाकत.

"नियम मी केलाय," तो समोर बघत म्हणाला. "तो मी मोडणार नाही."

"ड्वेन, तुला लाज नाही का?" रोझली म्हणाली.

"तू गप्प बस, तू कुजबुजत होतीस. मी जिन्यावरून बघितलं, मला वाटलं काही खासगी आहे, म्हणून मी मोहरीसाठी पुन्हा गेलो." त्यानं खिशातून पेन काढलं. "बॉस्टन नाही. फिलाडेल्फिया नाही. फ्लोरिडाची दोन्ही नाहीत, फीनिक्स नाही, सॅन डिएगो नाही, खाडीवरची दोन्ही नाहीत. आणि आज सिएटल. नऊ. तूच खोड. लिहिलंस तू."

मर्लनं पेन घेतलं. प्रत्येक नावाच्या शेजारच्या कोऱ्या जागेकडे बघत त्यानं एकेक रेघ ओढली. रेघा वाकड्या आल्या, पण नावांवरूनच गेल्या. रोझलीनं तोंड फिरवलं होतं.

"म्हणजे नऊ उरली," ड्वेन म्हणाला. त्यानं शर्टाच्या खिशातून तीन तिकिटं काढून मर्लच्या गुडघ्यावर ठेवली. "उद्या एक दहा. इथेच, याच रांगेत. बाकीची आठ पुढच्या उन्हाळ्यापासून. रोझली लिहील."

"मला विचारलंत?"

"तुला उलटा के कळतो," मर्ल म्हणाला. "त्याला चौकोन कुठला तेही कळत नाही."

"खरं आहे," ड्वेन म्हणाला. त्याची त्यावर काही तक्रार नव्हती.

आता पेन्सिल द्यायची होती. ती मर्लच्या बोटांत होती, सकाळी चाकूनं टोक काढलेली. तीस मैदानं आणि त्याआधीची सगळी पाकिटं, आईची इस्त्री, चिवचिवणारी खोकी. रोझली हात पुढे करून थांबली नाही, तिनं डब्यांचा पेटारा आवरायला घेतला. मर्लला तेवढा वेळ हवा होता. मग त्यानं पेन्सिल वहीच्या मध्ये घातली, वही मिटली आणि तिच्या पेटाऱ्यात, सफरचंदांवर ठेवली.

रविवारी दुपारी ऊन होतं. मर्ल पुन्हा मध्ये बसला, पण खिशात ट्रान्झिस्टर नव्हता आणि पिचरकडे तोंड करून बसण्याचं कारणही उरलं नव्हतं. त्यानं चेहरा डावीकडे, लांब खांबाकडे वळवला. मैदान डोळ्याच्या कडेला येऊन उभं राहिलं. धुरकट, हलकं, पण तिथे. तपकिरी मातीवर एक पांढरं काहीतरी धावलं आणि थांबलं.

"पिचर इकडे आहे, पोस्टमन," ड्वेन म्हणाला. "तिकडे कोण भेटलं तुला?"

"तू जरा मागे हो. तुझं पोट मध्ये येतंय."

ड्वेन मागे झाला. आज तो खाण्याच्या रांगेत जाणार नाही, असं त्यानं सकाळीच बजावलं होतं, आणि रोझलीनं पेटाऱ्यात बारा सँडविच भरले होते.

पहिला चेंडू गेला. रोझली वहीवर वाकली. "काय लिहू?"

"काय झालं?"

"काही नाही झालं. लांबून गेला, त्यानं सोडला."

"मग अजून काही लिहायचं नाही."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं बसायचं. पुढचा आला की मला सांग."

रोझलीनं पेन्सिल कानामागे खोचली, चष्मा सारखा केला, आणि पिचरनं पाय उचलला तशी सांगायला सुरुवात केली. आज कुजबुजत नाही, पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.